किल्ली परत देताना



गेल्या महिन्यात रविवारच्या मिस्सेनंतर एका ताईंनी मला चर्चच्या पायरीवर गाठलं. "इतकी वर्षं तुम्ही दोघं मिशनमध्ये राहिलात. निघताना खूप रडू आलं असेल ना?" मी नुसतं "हो" म्हटलं आणि घरी आले. पण खरं उत्तर एका शब्दाचं नाही. ते आज लिहिते.

२००९ च्या जूनमध्ये आम्ही वसईहून आदिलाबाद जिल्ह्यात गेलो. हे शाळेतून निवृत्त झाले होते, मुलीचं लग्न झालं होतं. मिशन रविवारी आमच्या धर्मग्रामात आलेल्या एका फादरांनी सांगितलं होतं, की तिकडच्या गोंड आणि कोलाम मुलांना मराठी समजते, तेलुगू ती शाळेत आल्यावर शिकतात. वसतिगृहात मराठी बोलणारं एखादं जोडपं मिळालं तर फार उपकार होतील. आम्ही दोन वर्षांसाठी म्हणून गेलो आणि चौदा वर्षं राहिलो. गेलो तेव्हा ते आंध्र प्रदेश होतं, २०१४ मध्ये तेलंगणा झालं, २०१६ मध्ये आदिलाबादचे चार जिल्हे झाले. आमच्या दोन खोल्या मात्र तिथेच होत्या.

ज्यांनी तो भाग पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. पांढरकवड्याहून खाली जाताना पैनगंगा ओलांडली की पाट्या तेलुगूत सुरू होतात, पण बाजारात मराठी चालते. तीच काळी जमीन, तोच कापूस, तीच ज्वारी. आदिलाबादहून गुडीहत्नूर, इंद्रवेल्ली करत उटनूरकडे निघालं की सागाचं जंगल लागतं. हिवाळ्यात थंडी अशी, की आम्हा समुद्रकाठच्या माणसांची पहिल्या डिसेंबरात फजिती झाली. मी वसईहून नेलेला मोगरा त्या थंडीत गेला. सुक्या बोंबलांच्या वासानं मुलं नाक धरून पळाली. आम्ही हसलो आणि हळूहळू रुळलो.

पण एक गोष्ट हसण्यासारखी नव्हती. वसतिगृहाची जेवणाची खोली माझ्याकडे होती. पहिल्याच महिन्यात मी एक नियम केला: जेवताना आणि प्रार्थनेत गोंडी बोलायची नाही. तो मला कोणी करायला सांगितला नव्हता. मला वाटलं, मुलं मराठी आणि तेलुगूत लवकर तयार होतील. शिवाय, खरं सांगायचं तर, ती आपसांत काय बोलतात ते मला कळत नसे आणि ते मला आवडत नसे.

चौथीतली एक मुलगी होती. तिची धाकटी बहीण नुकतीच वसतिगृहात आली होती आणि रात्री रडायची. जेवताना ही तिच्या कानात गोंडीत काहीतरी सांगत होती. मी तिला उठवलं आणि सगळ्यांचं जेवण होईपर्यंत भिंतीशी उभं केलं. ती रडली नाही. माझ्याकडे बघत राहिली.

दिवाळीला गोंड गावांत दंडारी असते. मोरपिसांचे मुकुट घालून गुसाडी नाचतात, सगळी मुलं घरी जातात. त्या दोघी बहिणी गेल्या त्या परत आल्याच नाहीत. फादर म्हणाले, "बाई, जाऊन घेऊन येऊ या का?" मी म्हटलं, "तिलाच शिकायचं नाही, आपण काय करणार?" हे वाक्य मी पुढे किती वेळा आठवलं असेल, ते प्रभूलाच माहीत.

तिसऱ्या वर्षी आमच्या शाळेतल्या एका गोंड शिक्षकांनी आम्हाला मार्लवाईला नेलं. उटनूरच्या पलीकडे, जैनूर भागातलं हे छोटं गोंड गाव. तिथे ख्रिस्टोफ फॉन फ्युरर-हाइमेनडॉर्फ आणि त्यांची पत्नी बेट्टी यांची समाधी आहे. हे नवरा-बायको मिशनरी नव्हते. ख्रिस्टोफ मूळचे व्हिएन्नाचे, आदिवासी समाजांचा अभ्यास करणारे. १९३९ मध्ये महायुद्ध सुरू झालं आणि त्यांच्या पासपोर्टमुळे ते शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. त्यांना हैदराबाद संस्थानात राहण्याची मुभा मिळाली. १९४० मध्ये जोडेघाटला कोमराम भीम मारले गेले. गोंडांचा उठाव का झाला हे निजाम सरकारला समजून घ्यायचं होतं, आणि त्या कामात हाइमेनडॉर्फ यांची मदत घेतली गेली. ते आणि बेट्टीबाई मार्लवाईत घर करून राहिले, गोंडी शिकले. सरकारला त्यांनी सांगितलं, की या लोकांची जमीन त्यांच्या हातून जाते आहे, तेच दुखणं आहे. पुढे हजारो कुटुंबांना जमिनीचे पट्टे मिळाले.

आणि १९४३ मध्ये त्याच गावात गोंड शिक्षक तयार करणारं केंद्र सुरू झालं. गोंडी वाचनाची पुस्तकं देवनागरी लिपीत तयार झाली. मुलांनी आधी आपल्या भाषेत अक्षर ओळखावं, मग दुसऱ्या भाषेकडे जावं, असा विचार होता. आपले सेतुमाधवराव पगडी हेसुद्धा निजामाच्या नोकरीत असताना याच जिल्ह्यात होते. तेही गोंडी शिकले आणि त्या भाषेवर त्यांनी लिहिलंही.

शिक्षक हे सगळं अभिमानानं सांगत होते. मी समाधीपुढे उभी होते आणि मला भिंतीशी उभी असलेली ती मुलगी दिसत होती. व्हिएन्नाहून आलेल्या माणसानं जे साठ-सत्तर वर्षांपूर्वी ओळखलं, ते प्रभूच्या नावानं आलेल्या मला ओळखता आलं नव्हतं. पेन्टेकॉस्टच्या दिवशी पवित्र आत्म्यानं सगळ्यांना एका भाषेत आणलं नाही, ज्यानं त्यानं आपापल्या भाषेत ऐकलं. हा पाठ मी वसईच्या चर्चमध्ये किती वर्षं वाचला होता!

त्या संध्याकाळपासून नियम गेला. रात्रीची एक प्रार्थना मुलं गोंडीत म्हणू लागली. मीही त्यांच्याकडून शिकले, चुका करत. माझे उच्चार ऐकून ती हसायची, आणि मला वाटायचं, हसू देत.

मग हळूहळू ते घर आमचं झालं. ओटीवर ह्यांची गणिताची शिकवणी, मागे शेवग्याचं झाड, भिंतीवर येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर. केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेला आमच्या मुलांचे आईवडील बैलगाडीनं निघायचे, तेव्हा वाटेत आमच्याकडे पाणी पिऊन जायचे. धर्म वेगळा, पण दार उघडं.

२०२२ च्या पावसाळ्यात ह्यांच्या हृदयाचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी सांगितलं, मोठ्या इस्पितळाजवळ राहा. मुलगी फोनवर रोज विनवू लागली. हे तयार झाले, मी नाही. मी म्हणायची, "माझ्याशिवाय या मुलांचं कोण बघेल?" हे शांतपणे म्हणाले, "आपण यायच्या आधी कोण बघत होतं?" त्या रात्री मी त्यांच्याशी बोलले नाही.

माझ्या जागी वसतिगृहात आमचीच एक जुनी विद्यार्थिनी आली. शिकून, नोकरीचा अनुभव घेऊन आलेली गोंड मुलगी. पहिल्याच आठवड्यात तिनं माझं भिंतीवरचं वेळापत्रक काढलं. लहान मुलांना आधी वाढायचं, मोठ्यांनी नंतर बसायचं, असं ठरवलं. मला लागलं. पण आठ दिवसांत रात्री रडणारी मुलं कमी झाली, कारण धाकट्यांना झोपवायला मोठ्या बहिणींना वेळ मिळू लागला. चौदा वर्षांत मला हे सुचलं नव्हतं. योहान बाप्तिस्त्यानं आपण लहान व्हावं आणि प्रभू मोठा व्हावा असं म्हटलं, ते मी भाषणांत सांगत आले होते. स्वतः लहान होताना इतकं दुखतं, हे तेव्हा कळलं.

निघायला चार दिवस उरले तेव्हा मी ह्यांना म्हटलं, "मला एका घरी जायचं आहे." त्यांनी कुठे ते विचारलं नाही. त्यांना माहीत होतं.

ती मुलगी आता दोन मुलांची आई आहे. अंगणात कापूस पसरला होता. तिनं खाट टाकली, पाणी दिलं, चहा ठेवला. मी सगळं सांगितलं: ती रात्र, ती भिंत, आणि तिला आणायला मी गेले नाही ते. म्हटलं, "मी चुकले, बाळा. मला माफ कर."

ती थोडा वेळ कापूस निवडत राहिली. मग म्हणाली, "मला नाही आठवत, बाई."

तिला खरंच आठवत नव्हतं, की माझी लाज झाकण्यासाठी ती तसं म्हणाली, ते मला कळलं नाही. आजही कळत नाही. तिची लहान मुलगी आजीशी गोंडीत बडबडत होती. निघताना तिनं विचारलं, "वसईला तुमचं घर आहे ना?" मी हो म्हटलं. "मग जा, बाई. माणसानं आपल्या घरी जावं."

प्रेषितांच्या कृत्यांत मिलेत इथला निरोप आहे. पौल इफिसच्या वडीलधाऱ्यांना बोलावतो, सगळे गुडघे टेकतात, गळ्यात पडून रडतात. पण रडण्याआधी पौल आपला हिशेब देतो. आपण कोणाचं देणं लागत नाही, असं तो स्वच्छ मनानं म्हणू शकला. मला तसं म्हणता आलं नाही. मी देणं घेऊनच निघाले. ते फेडायला पुरेल इतकी फक्त प्रभूची कृपा आहे.

शेवटच्या सकाळी खोल्या झाडल्या, तसबीर उतरवली, मग पुन्हा लावली आणि तिथेच ठेवली. किल्ली त्या नव्या मुलीच्या हातात दिली. मुलांनी गोंडीत प्रार्थना म्हटली. तेव्हा मात्र मी रडले.

हाइमेनडॉर्फ पुढे लंडनला शिकवायला गेले, तरी दोघं पुन्हा पुन्हा परत येत राहिले. मिळवून दिलेल्या जमिनींपैकी कित्येक पुन्हा हातच्या गेल्याचं त्यांनाच पाहावं लागलं आणि १९८२ च्या पुस्तकात त्यांनी ते लिहिलं. १९८७ मध्ये बेट्टीबाई गेल्या, १९९५ मध्ये ते गेले, आणि त्यांच्या अस्थीही शेवटी मार्लवाईला आल्या. आपलं काम पूर्ण झालं नाही हे ठाऊक असूनही ज्या लोकांमध्ये आपण राहिलो त्यांच्यावर प्रेम करत राहायचं, एवढं मी त्या समाधीकडून घेतलं.

तुमच्यापैकी कोणी बदली होऊन निघत असेल, कोणी क्वार्टर सोडत असेल, कोणी निवृत्त होत असेल. सामान बांधण्याआधी एक दिवस राखून ठेवा. ज्या एका दारात जायला पाय ओढत नाही, तिथे आधी जा.

प्रभू येशू, तुला या जगात डोकं टेकायला जागा नव्हती. आम्हाला दिलेली घरं तुझीच आहेत. ती सोडताना आमचे हात मोकळे कर आणि आम्ही ज्यांना दुखावलं त्यांना तू जवळ घे. आमेन.