जागचे न हलणारे यंत्र

वसईच्या आमच्या वाडीत गवत कधी वाया गेले नाही. वडील ते विळ्याने कापून आणीत आणि म्हशी ते संपवीत. त्यामुळे अमेरिकेतील आयोवा राज्यातल्या एका खेड्यात धर्मगुरू म्हणून रुजू झालो, तेव्हा गवत केवळ ठेंगणे दिसावे म्हणून कापायचे असते, हे माझ्या पचनी पडायला वेळ लागला. चर्चमागच्या दफनभूमीसाठी तिथे एक यंत्र होते. लहानशा ट्रॅक्टरसारखे, वर बसून चालवायचे. गवत कापण्याचे हे काम एक वृद्ध शेतकरी ३१ वर्षे विनामोबदला करीत आले होते. त्यांची दृष्टी अधू झाल्यावर मुलाने किल्ली माझ्या हाती दिली. आपल्या हातून काय काढून घेतले गेले, हे त्या वृद्धाला कळले होते. चर्चमध्ये ते माझ्याशी जेमतेम बोलत.

मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी तिथे मेमोरियल डे असतो. मुळात तो यादवी युद्धातील मृत सैनिकांच्या थडग्यांवर फुले वाहण्याचा दिवस. आमच्या धर्मग्रामात त्या दिवशी दफनभूमीतच मिस्सा होत असे आणि दूरदूरची कुटुंबे येत. आदल्या शनिवारी सकाळी मी यंत्र सुरू केले. इंजिन धडधडले, पातीही फिरली. पण पेडल दाबल्यावर यंत्र जागचे हलेना!

सेमिनरीत आम्हांला ॲरिस्टॉटलची चार कारणे पाठ होती. त्यांतले एकही इथे उपयोगी पडेना. इंजिन चालते म्हणजे इंधन आणि प्लग निर्दोष. यंत्र बंद पडल्यास हाताने ढकलता यावे म्हणून मागे एक दांडी असते. ती ओढलेली राहिली तर चाकांना गती मिळत नाही. मी पाहिले, दांडी जागेवर होती. ब्रेकही सुटलेला होता. मग उरली मागची तेलाची पेटी, जिच्यातील तेलाच्या दाबाने चाके फिरतात. ती बिघडली असेल तर खर्च धर्मग्रामाच्या आवाक्याबाहेरचा. दुपारपर्यंत मी कोणालाच फोन केला नाही. खरे सांगायचे तर संकोच नव्हता, अहंकार होता.

दुपारी फोन केला. मुलगा आला आणि त्याच्या शेजारी, काठी टेकीत, ते वृद्ध.

"सकाळी इंजिन थंड असताना तरी चालले का, फादर?" त्यांनी विचारले.

"नाही. पहिल्यापासूनच नाही."

"मग तेल नसावे. तेल थकले तर यंत्र आधी चालते आणि तापल्यावर मान टाकते."

त्यांनी मुलाला आसनावर बसवून पाती न जोडता इंजिन सुरू करायला सांगितले आणि मला लांबूनच मागे वाकून पाहायला लावले. तेलाच्या पेटीवर एक छोटा पंखा असतो. इंजिनचा पट्टा ज्या चाकाला फिरवतो, त्याच्याबरोबर तो फिरतो. पंखा अडखळत, थांबत फिरत होता. मी तसे सांगितले.

"पट्टा," ते म्हणाले.

मला वडिलांचे विहिरीवरचे ऑईल इंजिन आठवले. पट्टा निसटू लागला की ते त्याला राळ लावीत. त्या जळक्या वासाने वाडी भरून जाई. इथे राळेचे काम नव्हते. स्पार्क प्लगची वायर काढून आम्ही पात्यांचे कवच उतरवले. पट्ट्याच्या कडा काचेसारख्या गुळगुळीत झाल्या होत्या आणि एके ठिकाणी धागे बाहेर आले होते. नवीन पट्टा शेडच्या दारामागे खिळ्याला टांगलेला होता. तो त्यांनीच कधीतरी आणून ठेवला होता. महिनाभर मी त्या दारातून ये-जा करीत होतो!

कामाला दोन तास गेले. प्रत्येक कप्पीवरून पट्टा कसा जातो, हे ते बोटांनी चाचपून मला सांगत होते. पेडल दाबताच यंत्र पुढे सरकले, तेव्हा ते हसले नाहीत. फक्त खिशातून गवत कापायची हातकात्री काढली.

"आमच्या हिच्या थडग्याशी यंत्र आणू नका," ते म्हणाले, "तिथले मी बघतो."

ते गुडघ्यांवर बसले. एका हाताने दगडाची कड शोधायची आणि दुसऱ्याने कात्री चालवायची, असे त्यांचे काम चालू झाले. मी यंत्र वळवून पलीकडच्या ओळीत नेले. अंधार पडला तेव्हा माझ्या चार ओळी उरल्या होत्या. त्या मी रविवारी मिस्सेनंतर कापल्या.