उदगीर, खर्डा आणि वगळलेले फ्रेंच

पिएर नोरा या फ्रेंच इतिहासकाराने 1984 ते 1992 या काळात सात खंडांचा एक प्रचंड ग्रंथ संपादित केला. फ्रान्सची आठवण कशाकशात साठली आहे, याचा तो धांडोळा. तिरंगा, राष्ट्रगीत, स्मारकं, शाळेची पुस्तकं, अगदी सायकलींची शर्यतसुद्धा! वसाहतींवर मात्र एकच लेख, 1931च्या पॅरिसमधील वसाहत-प्रदर्शनावरचा. अभ्यासकांनी ही उणीव पुढे वारंवार दाखवली. नोरा तरुणपणी अल्जीरियात ओरानला शिकवत होते, तिथल्या फ्रेंचांवर त्यांनी 1961मध्ये पुस्तकही लिहिलं होतं. म्हणजे ठाऊक नव्हतं, असं म्हणायचीही सोय नाही.

सीमाभागातल्या ठाणाकुशनूरच्या माणसाला याचं काय? असं वगळणं आपल्याकडेही आहे.

शेजारच्या उदगीरला फेब्रुवारी 1760मध्ये सदाशिवरावभाऊंनी निजामाला नमवलं, हे मराठी घरांत अभिमानाने सांगतात. भाऊंकडचा इब्राहिमखान गारदी मुळात बुसी या फ्रेंच सरदाराच्या हाताखाली तयार झाला होता, हे क्वचितच कुणी सांगतं. बुसी 1751पासून निजामाच्या दरबारात वजन राखून होता. 1758मध्ये फ्रेंच सेनापती लालीने त्याला परत बोलावलं. बुसी गेला, त्याची कवायत दख्खनेत राहिली आणि उदगीरला ती निजामावरच उलटली.

मार्च 1795मध्ये निजामअली बीदरहून निघून खर्ड्यावर आला. त्याच्याकडे रेमंडच्या पलटणी, समोर शिंद्यांच्या पलटणींवर पेराँ. दोघेही फ्रेंच! मराठे जिंकले. त्याच वर्षी निजामाचा मुलगा अलीजाह बंड करून बीदरला आला, तेव्हा त्याच्या पाठलागावर धाडला तोही रेमंडच. 1798च्या मार्चमध्ये रेमंड वारला आणि ऑक्टोबरमध्ये इंग्रजांनी त्याच्या पलटणींची शस्त्रं उतरवली. हैदराबादेत मात्र लोक त्याला विसरले नाहीत. मुसलमानांनी त्याला मूसा रहीम केलं, हिंदूंनी मूसाराम, आणि त्याच्या कबरीवर उरूस भरू लागला. दरबारी बखरींपेक्षा हे लोक मोकळ्या मनाचे म्हणायचे.

1956मध्ये जुना बीदर जिल्हाच फुटला. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले. औराद, भालकी म्हैसुरात. लढाई एका राज्याच्या वाट्याला आली, फौज निघाली तो किल्ला दुसऱ्याच्या. नोरांनी जे वगळलं ते निदान जाणत्याने वगळलं. इथे सीमेनेच वगळून टाकलं. सीमाभागातल्या मराठी शिक्षकांनी खर्ड्याची गोष्ट बीदरपासून सांगायला घ्यावी, आणि त्यात रेमंड व पेराँ या दोघांनाही त्यांच्या नावानिशी आणावं.