मराठी कुठे शिकलात?

‘होम मिनिस्टर’ २००४ साली सुरू झाला तेव्हा नाकं मुरडणारे पुष्कळ होते. घरगुती खेळ, उखाणे आणि शेवटी पैठणी, यात बघायचं काय? मला त्यातल्या गप्पा आवडायच्या. आदेश बांदेकर घरात शिरत, सगळ्यांचे भावोजी होत आणि पहिल्या भेटीबद्दल, रुसव्याफुगव्यांबद्दल विचारत. सासू शेजारीच बसलेली, नवरा छताकडे बघतोय आणि जिला घरात कुणी फारसं काही विचारत नाही, ती बाई बोलतेय! पुढे २०२२ मध्ये ‘महामिनिस्टर’मध्ये ११ लाखांची पैठणी आली. एवढं मोठं बक्षीस समोर असलं की हसू जरा आकसतं, असं आपलं माझं मत.

आमच्याकडे अम्मी हा कार्यक्रम न चुकता बघायची. मगरिबची अजान झाली की टीव्हीचा आवाज बंद, नमाज झाली की पुन्हा चालू. तिला उखाण्यांची फार गंमत वाटे, कारण तिनं जन्मात कधी अब्बांचं नाव घेतलं नाही. ‘अजी, सुनते क्या’ एवढ्यावर संसार झाला. शेजारच्या वहिनींचंही तसंच, ‘अहो’वर भागायचं. एकदा वहिनींनी तिला अडवलंच, “भाभी, आज तुम्ही घ्या!” अम्मीनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली,

“दुधात शेवया, शेवयांत खजूर,
पोरांच्या अब्बांचं नाव घेते, करा मंजूर!”

नाव काही आलं नाही. वहिनींनी मंजूर केलं.

अमेरिकेत ग्राउचो मार्क्सचा ‘यू बेट युवर लाइफ’ १९४७ मध्ये रेडिओवर आला, १९५० मध्ये टीव्हीवर. तिथेही प्रश्नमंजूषा नावालाच, खरी मजा गप्पांची. काहीच न जिंकलेल्यांना तो शेवटी विचारायचा, “ग्रँटच्या थडग्यात कोण आहे?” उत्तर प्रश्नातच. कुणी रिकाम्या हातानं घरी जाऊ नये, एवढ्यासाठी विचारलेला प्रश्न. मला तो फार सभ्य वाटतो.

सगळे प्रश्न असे नसतात. आम्हा मराठी मुसलमानांना प्रवासात हमखास एक प्रश्न येतो, “तुमचं मराठी छान आहे हो, कुठे शिकलात?” विचारणाऱ्याच्या मनात खोट नसते, पण आपण आपल्याच घरात पाहुणे ठरतो. मी अशा वेळी गप्प बसतो. अब्बा मात्र हसून म्हणत, “शाळेत. तुम्ही?” काही जण मग खिडकीबाहेर बघत. पुण्याहून सोलापूरला जाताना एक गृहस्थ मात्र क्षणभर थबकले आणि म्हणाले, “आईकडे.” झालं, अब्बांना गडी मिळाला. अमीर खुसरोंच्या नावावर सांगितले जाणारे दोसुखने, म्हणजे प्रश्न दोन आणि उत्तर एक, हा अब्बांचा लाडका खेळ. ते मराठीतही रचत आणि एखादा प्रश्न जास्तीचा घालत. त्यांनी विचारलं, “हंडा का रिकामा? मोती का फिका? सुरी का बोथट?”

गृहस्थ डबा उघडा ठेवून विचार करत राहिले. दौंड आलं, ते उतरले, गाडी हलली. तेवढ्यात खिडकीशी धावत आले आणि ओरडले, “पाणी नव्हतं!”

फलाटावरचा बाटलीवाला पोरगा बाटली घेऊन त्यांच्यामागे धावला.