आमचा चांद्या

माझे घर ओढ्याच्या कडेला आहे. आमचा तालुका माण, जिल्हा सातारा. आमच्याकडे दख्खनी जातीची साठ मेंढरे आहेत. बहुतेक काळी आहेत. दिवाळी झाली की आबा, आई आणि दादा घोड्यावर बिऱ्हाड लादून मेंढरं चारायला लांब जातात. शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घेतात, कारण लेंडीखत मिळते. त्याबद्दल ते धान्य नाहीतर पैसे देतात. रात्री मेंढरांभोवती वाघूर लावतात. मी शाळेसाठी आजीजवळ राहतो.

२०२४ च्या भाद्रपदात आमची एक मेंढी ज्वारीचे कोवळे फुटवे खाऊन मेली. तिचे कोकरू आठ दिवसांचे होते. त्याच्या कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून मी त्याचे नाव चांद्या ठेवले. मी त्याला बाटलीने शेळीचे दूध पाजायचो. आधी तो तोंडच लावेना. मग मी बोटाला दूध लावून चाटवले. वाड्याबरोबर चालायला तो अशक्त होता, म्हणून आबांनी त्याला घरीच ठेवले. तो माझ्यामागे शाळेच्या फाटकापर्यंत यायचा हे तुम्हां सर्वांना ठाऊकच आहे. गुरुजींची झेंडूची रोपे खाल्ली ती पण त्यानेच.

शिमग्याला आजीने चांद्याचे जावळ कातरले. कोकराच्या पहिल्या लोकरीला जावळ म्हणतात. ती फार मऊ असते. मोठ्या मेंढरांची लोकर वर्षातून दोनदा कातरतात, पण ती राठ असते. कातरायच्या आधी मेंढरं ओढ्यात धुवावी लागतात, तेव्हा आपणच जास्त भिजतो. आजी सूत कातते. सनगर मागावर घोंगडे विणतात आणि त्याला चिंचोक्याची खळ लावतात. पूर्वी लोकरीचे बरे पैसे यायचे, असे आजी सांगते. आता गिऱ्हाईकच नाही. मागे आम्ही दोन पोती लोकर बांधावर टाकून दिली. आबा म्हणतात, घर मटणावर चालते, घोंगड्यावर नाही. दादाला जत तालुक्यातली माडग्याळ मेंढरं आणायची आहेत. ती उंच असतात, लोकर नावालाच, पण भाव जास्त. आजीला ते पटत नाही. त्यावरून दोघांचे रोज भांडण होते.

मृगाच्या आधी वाडा परत आला. डॉक्टरांनी सगळ्या मेंढरांना आंत्रविषाराची लस टोचली. मग व्यापारी आला. आईच्या दवाखान्याचे उसने पैसे द्यायचे होते. मी चांद्याला गुपचूप मागच्या खोलीत कोंडले आणि बाहेर येऊन उभा राहिलो. व्यापाऱ्याने विचारले, "अजून नर हाय का?" मी म्हणालो, "न्हाई." माझा आवाज ऐकून चांद्या आतून ओरडला.

आबांनी दार उघडले. ते मला रागावले नाहीत. म्हणाले, "पोरा, तुझा दादापण असाच रडला हुता." व्यापाऱ्याने चांद्याची पाठ दाबून बघितली आणि त्याला टेम्पोत चढवले. त्या रात्री मी जेवलो नाही. आबा पण अर्धी भाकरी ठेवून उठले.

चांद्याचे जावळ मूठभरच आहे. आजी म्हणते, घोंगडे व्हायला अजून पुष्कळ कोकरांचे जावळ लागेल. तोवर ती पिशवी मी माझ्या उशाशी ठेवली आहे.

— इयत्ता ४ थी