दोन फूट पाण्याखालचा उजेड

दिवा माणसाच्या डोळ्यांसाठीं असतो, ही समजूत इतकी जुनी आहे कीं तिचा कोणी विचारहि करीत नाहीं. समई, कंदील, बत्ती, विजेचा दिवा, ह्या सर्वांची परीक्षा आपण एकाच प्रश्नानें करीत आलों: दिसतें किती? मग दिव्याचें गिऱ्हाईक माणूस नसून पाण्यांत बुडालेलें गवत असलें, तर दुकानदाराची आणि आपली भाषा जुळूं नये ह्यांत नवल कसलें? आम्हांस दोन फूट खोल टाकीवर लावावयाचा एलईडी दिवा हवा होता. दुकानदारानें विचारलें, "किती लुमेनचा देऊं, सर?" प्रश्न सौजन्याचा होता, पण तो आमच्या झाडांना विचारलेला नव्हता.

लुमेन हें माप मानवी नेत्राच्या आवडीवर बेतलेलें आहे. ५५५ नॅनोमीटरच्या आसपासचा पोपटी उजेड आपल्या डोळ्यास सर्वांत तेजस्वी भासतो; म्हणून तो ज्या दिव्यांत अधिक, त्याचे लुमेनहि अधिक. हरितद्रव्याची भूक मुख्यतः निळ्या आणि तांबड्या प्रकाशाची. हिरवा प्रकाश अगदींच वायां जातो असें नव्हे, पानें त्याचाहि उपयोग करितात. तथापि लुमेनच्या आंकड्यावरून झाडाच्या पोटांत काय पडलें हें समजत नाहीं. त्यासाठीं ४०० ते ७०० नॅनोमीटरमधील प्रकाशकण दर चौरस मीटरवर दर सेकंदास किती पडतात, तें मायक्रोमोलमध्यें मोजावें लागतें. भर दुपारच्या स्वच्छ उन्हांत हा आंकडा २००० च्या जवळ जातो. पाण्यांतील सोशिक झाडें ३० वर जगतात, बहुतेकांचें ५० वर बरें चालतें, आणि तळावर गालिचा पसरणाऱ्या नाजूक जाती १०० मागतात.

आमचीं झाडें नाजूक नव्हतीं, पण परत करावयाचीं होतीं. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना महाराष्ट्रांत २०१७ सालीं सुरू झाली. तलावांतला गाळ काढून तो शेतांत पसरावयाचा, ही कल्पना आम्हांस मनापासून पटते. कपाशीच्या हलक्या जमिनीस त्याहून चांगलें खत कोणतें? परंतु आमच्या ओळखीच्या एका पाझर तलावांत हायड्रिला आणि फितीसारख्या लांब पानांची व्हॅलिस्नेरिया ह्यांचें दाट रान होतें. तलाव वैशाखांत आटला तरी हायड्रिला चिखलांतल्या बारीक गांठींच्या रूपानें तग धरिते आणि पावसाळ्यांत पुन्हां उगवते. गाळ निघाला कीं त्याबरोबर गांठीहि शेतांत जाणार. म्हणून फाल्गुनांत आम्हीं तेथून दोन बादल्या झाडें आणि चार मासोळ्या उचलून आणिल्या. मृगाचा पाऊस पडून तलाव भरेपर्यंत तीं जगवावयाचीं होतीं.

"अहो, पण पाणी?" असें घरांतून विचारण्यांत आलें, आणि तें रास्तच होतें. निळोणा आणि चापडोह येथील जलाशयांकडे डोळे लावून बसणाऱ्या यवतमाळकरानें २०१८ चा उन्हाळा पाहिल्यावर सव्वातीनशें लिटर पाणी काचेंत कोंडून ठेवावें, हें सहजासहजीं क्षम्य नाहीं. तडजोड अशी ठरली कीं टाकी एकदांच भरावयाची, आणि बदललेलें पाणी तुळशीस व मोगऱ्यास घालावयाचें. मोगरा त्या वर्षीं विशेष फुलला, ह्याचें श्रेय मासोळ्यांस द्यावें लागेल.

आतां खोलीचा प्रश्न. "पाणी उजेड खातें, म्हणून खोल टाकीला जबरदस्त दिवा घ्या," असा सल्ला सर्वत्र मिळतो. तो अर्धाच खरा आहे. १९२१ सालीं भूमध्य समुद्राचा निळा रंग पाहून चंद्रशेखर व्यंकट रामन् विचारांत पडले, आणि ती निळाई केवळ आकाशाचें प्रतिबिंब नसून पाण्याच्या रेणूंनीं केलेल्या प्रकाशाच्या विकिरणाची आहे, असें त्यांनीं दाखविलें. पाणी तांबडा प्रकाश अधिक शोषितें, हेंहि खरें. परंतु समुद्र निराळा आणि आमची टाकी निराळी. शुद्ध पाण्याचे दोन फूट ६८० नॅनोमीटरचा गडद तांबडा प्रकाश सुमारें चतुर्थांश गिळतात. निळ्याचा शेंकडा एक भागहि जात नाहीं. उलट टाकींत लांकडाचा ओंडका ठेवून पाणी चहासारखें झालें, तर पहिला बळी निळ्याचाच पडतो.

खोल टाकींत खरी घट होते ती प्रकाश फांकल्यामुळें. एका बिंदूपासून निघालेला प्रकाश दुप्पट अंतरावर चौथाई होतो, हा नियम शाळेंत सर्वांनीं घोकलेला असतो. पण टाकीवरचा दिवा बिंदु नसून चार फुटांची ओळ असते, आणि अशा ओळीपासून जवळपास तो निम्म्यानेंच घटतो. शिवाय पाण्यांत शिरतांना किरण वळतात आणि उभ्या रेषेपासून सुमारें ४९ अंशांच्या आंतच राहतात. ते कडेच्या कांचेवर आदळले म्हणजे बहुतांशीं पूर्ण परावर्तन पावून पुन्हां आंत येतात. टाकीच्या भिंती जणूं आरसेच होतात. म्हणून निव्वळ वॅट वाढविण्यापेक्षां दिव्यावरील भिंगाचा कोन पाहणें शहाणपणाचें. १२० अंशांचा उजेड अर्धा खोलींत सांडतो; ३० अंशांचा तळावर चांदीच्या रुपयाएवढें ऊन पाडून कोपरे अंधारांत ठेवितो. आम्हीं ९० अंशांच्या दोन पट्ट्या घेतल्या. टाकी दीड फूट रुंद. एकच पट्टी मध्यावर ठेविली असती तर पुढचीं झाडें मागें झुकलीं असतीं.

हिशेब फार अवघड नाहीं. सहा चौरस फुटांच्या तळावर ५० चा आंकडा हवा, वाटेंत निम्मा प्रकाश जाईल असें धरावें, आणि बऱ्या एलईडीचा एक वॅट सेकंदास दीड ते दोन मायक्रोमोल देतो असें मानावें. तर चाळीस वॅट पुरतात. दुकानांत शंभराची शिफारस होती. चाळीस वॅट रोज आठ तास म्हणजे महिन्यास दहा युनिटांच्या आंत. मापनासाठीं झाडांचें मापक महाग पडतें. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेंतील लक्समापक मात्र कोणासहि मागतां येतो. शीतल पांढऱ्या एलईडीचे सुमारें ६५ ते ७० लक्स म्हणजे एक मायक्रोमोल. रिकाम्या टाकीच्या तळाशीं ३४०० लक्स दिसले आणि आम्हीं समाधान पावलों.

रंगाविषयीं घरांत मतभेद झाला. निळ्या-तांबड्या जांभळट दिव्याखालीं पानें काळीं दिसतात आणि दिवाणखान्यास वरातीचें रूप येतें. तो बेत एकमतानें रद्द झाला. पांढरा एलईडी म्हणजे मुळांत निळाच दिवा. त्यावरील पिवळ्या लेपानें तो पांढरा होतो. तेजस्वी निळा एलईडी शुजी नाकामुरा यांनीं १९९३ सालीं पुढें आणिला, आणि अकासाकी व अमानो यांच्यासह २०१४ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. निळ्याची सोय अशी आपोआप झालेली असते. तांबड्याची थोडी भर टाकणारे ६६० नॅनोमीटरचे ठिपके ज्यांत आहेत अशी ६५०० केल्विनची पट्टी आम्हीं पसंत केली. उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांकडे सरकतो त्या गांवीं आणखी एक गुण मोलाचा: एलईडीची ऊब पाठीवरच्या धातूंतून वर निघून जाते. २५ अंशांच्या पाण्यांत लिटरमागें ८.३ मिलिग्रॅम प्राणवायु राहूं शकतो, ३५ अंशांस तो सातावर येतो; वरून तापणारा दिवा मासोळ्यांस परवडला नसता.

कर्बवायूची नळकांडी मात्र आम्हीं घेतली नाहीं. आमच्याकडील विंधनविहिरीचें पाणी जड आहे, आणि ह्या दोन्ही वनस्पती त्यांतील बायकार्बोनेटवर निर्वाह करूं शकतात. पहिले पंधरा दिवस दिवा निम्म्या तेजावरच ठेविला. झाडें रुजण्यापूर्वीं उजेड वाढविला तर त्यावर शेवाळ माजतें.

उरला प्रश्न, झाडांस उजेड पोंचला कीं नाहीं हें ओळखावयाचें कसें? जगदीशचंद्र बोस यांनीं हायड्रिलाच्या कापलेल्या देंठांतून निघणारे प्राणवायूचे बुडबुडे आपोआप नोंदणारें यंत्र बनविलें होतें, आणि १९२४ सालीं प्रकाशसंश्लेषणावर आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. आमच्याजवळ यंत्र नव्हतें, घड्याळ होतें. एक डहाळी दगडास बांधून तळाशीं ठेविली. एका पट्टीखालीं मिनिटास सात बुडबुडे. दोन्ही लावल्यावर अठरा. हा खेळ घरांतल्या मंडळींस इतका आवडला कीं रात्रीं दहाला दिवा मालवण्यास विरोध होऊं लागला. परंतु अंधार मासोळ्यांचा हक्क आहे.

ज्येष्ठांत व्हॅलिस्नेरियास मादी फूल आलें. दोऱ्यासारखा देंठ तळापासून वर चढत चढत पृष्ठभागास टेंकला आणि तेथें तीळाएवढें पांढरें फूल उमललें. हा वेल एकलिंगी. नरफुलें सुटून पाण्यावर तरंगत तिच्याकडे यावयाचीं असतात, आणि आमच्या टाकींत नर नव्हता. तें फूल तसेंच राहिलें. आषाढांत तलाव कांठोकांठ भरला. तेव्हां दोन बादल्यांच्या चार करून आम्हीं त्या बांधाच्या उथळ कडेस सोडल्या. एक मूठ झाडें टाकींत ठेवून घेतलीं आहेत, पुढील वर्षीं तेथें कांहीं उगवलें नाहीं तर असावीं म्हणून.