इंपल्सचं खातं

काकाजींच्या उधारीच्या वहीत माझं नाव नाही. ‘इंपल्सवाला पोट्टा’ एवढंच लिहिलंय, पुढे बाकी 3,840. साल 2014.

कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला आलेला माणूस पायऱ्या उतरून जमिनीच्या पोटातल्या गाभाऱ्यात जातो, कुंडाचं पाणी डोळ्यांना लावतो आणि यवतमाळची नाहीतर नागपूरची गाडी पकडतो. रस्त्याकडेच्या टिनाच्या शेडमध्ये उकिडवा बसलेला मिस्तरी त्याला दिसायचं काही कारण नाही. मलाही तो दिसला नसता, पण माझी गाडी दुसरं कोणी हातात घेईना.

हिरो इंपल्स. होंडापासून वेगळं झाल्यावर हिरोने 2011 मध्ये आणलेल्या पहिल्या गाड्यांपैकी एक. दीडशे सीसी, उंच, बटणाचे टायर, पुढचं मडगार्ड चोचीसारखं वर. डोंगर चढायची गाडी. आमच्याकडे डोंगर कुठला, परहाटीतून धुऱ्याधुऱ्याने जायचं. दिसायला देखणी आणि घेणारे कमी, म्हणून जुनी स्वस्तात मिळाली. बाबांनी कापसाच्या चुकाऱ्यातून घेऊन दिली. मागे फवारणीचा पंप बांधता येईल, हा त्यांचा हिशेब. माझा वेगळा होता. ‘धूम’ पाहिला तेव्हा मी तिसरीत होतो आणि तो अजून उतरला नव्हता.

मातीची गाडी खड्डा गिळते, हाच स्टंटवाल्याला तिचा त्रास. चिमटा लांब, शॉकअप मऊ. पुढचं चाक उचलून खाली टेकवलं की ती आधी बसते आणि मग उसळते. स्टंटची गाडी बुटकी आणि कडक लागते. हे मला तेव्हा कळत नव्हतं. एका वर्कशॉपमध्ये (नाव राहू द्या) मागे उभं राहायला पायदान वेल्डिंग करून घेतलं, ते दुसऱ्याच दिवशी तुटलं आणि मी गुडघ्यावर आलो. तसाच लंगडत काकाजींकडे गेलो. त्यांनी गुडघ्याकडे पाहिलंही नाही.

“मांगं उभा रायशीन, त पाय ब्रेकवर कसा पुरन तुहा?”

मी गप्प.

“मंग ब्रेक कुठी हाय?”

काकाजी तरुणपणी जत्रेतल्या ‘मौत का कुआं’बरोबर गावोगाव फिरलेले. चालवणारे नव्हते, फळ्यांचे बोल्ट आवळणारे आणि गाड्यांचं इंजिन खोलणारे. उभ्या भिंतीवर गाडी टिकते ती वेगामुळे, चाकं भिंतीवर दाबली जातात म्हणून. वेग मेला की गाडी खाली. त्यामुळे त्या विहिरीत रेस म्हणजे जीव. “तुह्या या तमाशात उलटं हाय,” ते म्हणाले. “रेस दिली का चाक वर जाते. खाली आनते तो मांगचा ब्रेक. पयले ब्रेक करू, बाकी मंग पाहू.”

इंपल्सला मागे ड्रम ब्रेक, म्हणजे काम केबलवर भागणार होतं. भंगारातून लुनाचा एक लिव्हर निघाला. तो क्लचच्या लिव्हरखाली बसवायचा, डाव्या हाताच्या एका बोटाने ओढता येईल असा. काकाजींनी माझा पंजा हँडलवर ठेवला, मधल्या बोटाची लांबी सुतळीने मापली, सुतळीला गाठ मारली आणि लिव्हर व्हाइसमध्ये धरून त्या गाठीइतका वाकवला. मग टोकाची गोळी कानशीने घासत बसले. चहा आला, थंड झाला. शेवटी सायकलच्या ट्यूबचा तुकडा त्यावर चढवला आणि स्वतःच्या बोटाने वीस-पंचवीस वेळा ओढून पाहिला. शिंप्याकडे कधी माझं माप इतकं नीट घेतलं गेलं नाही.

बाकीची कामं भराभर झाली. पुढे लहान चाक, रस्त्याचे टायर. चिमटा वर सरकवून आत जाड ऑइल आणि स्प्रिंगवर पाइपाचा तुकडा. सॉकेट पुढे 13 दात्यांचं, मागे 52, म्हणजे पुढचं चारदा फिरेल तेव्हा चाक एकदा. वेग जातो, उचल येते. इंजिनऑइल नेहमीपेक्षा थोडं जास्त, कारण गाडी उभी झाली की ऑइल मागे पळतं आणि पंप कोरडा ओढतो. शेपटीला लोखंडी दांडा, ज्याला स्टंटवाले ‘ट्वेल्व्ह बार’ म्हणतात. घड्याळात बारा वाजल्यासारखी गाडी सरळ उभी झाली की तो जमिनीला टेकतो. “बारा वाजू नाई म्हून बाराचा दांडा,” काकाजी स्वतःच्याच विनोदावर खोकेपर्यंत हसले.

एक अट घातली. अशी गाडी रस्त्यावर आणायची नाही. गाडीच्या मूळ बांधणीत फेरफार मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये बसत नाही, हे त्यांनी मला कलमाच्या आकड्यानिशी ऐकवलं. म्हणून ती छोट्या हत्तीत घालून जिनिंगच्या आवारात न्यायची. मे महिना, कापूस संपलेला, मोकळं सिमेंटचं अंगण. हेल्मेट, गुडघ्याला पट्टे. तिथे पंधरा दिवस त्यांनी मला चाक उचलू दिलं ते फक्त खाली आणण्यासाठी. वीतभर वर, ब्रेक, खाली. ऊन डोक्यावर येईपर्यंत तेच. मी मनातल्या मनात त्यांना काय काय बोललो ते इथे लिहिता येत नाही.

सोळाव्या दिवशी रेस जास्त झाली. समोर एकदम आभाळ. मागे दांडा सिमेंटवर घासल्याचा करकराट, आणि तेवढ्यात माझं बोट, मला न विचारता, आत वळलं. पुढचं चाक खाली आलं. इंजिन बंद पडलं होतं. काकाजी भिंतीच्या सावलीत बसले होते; उठले नाहीत, फक्त बिडी विझवली.

मी स्टंटवाला झालो नाही. पदवी झाली, यवतमाळला नोकरी लागली, गाडी घरच्या कोठ्यात उभी आहे. वहीतले 3,840 सामानाचे आहेत: रिम, टायर, सॉकेट, चेन. मजुरीचा रकाना कोरा. पहिल्या पगारातून पैसे द्यायला गेलो तेव्हा त्यांनी वही उघडलीच नाही. “घाई हाय का तुले?” म्हणाले. नंतर दरवेळी काहीतरी निमित्त.

मागच्या दिवाळीत मी 500 ची नोट वहीतच ठेवली आणि जमा लिहा म्हणून अडून बसलो. काकाजींनी चष्मा पुसला, 500 जमा लिहिले. मग बाहेर जाऊन माझ्या स्कूटरचा मागचा ब्रेक दाबून पाहिला, मान हलवली, चाक खोललं आणि तासाभराने खाली नवी ओळ लिहिली: ‘इंपल्सवाला, ब्रेकशू, 260.’