‘पूर्तता करण्यात यावी’ – पण कोणी?



तुमच्या घरातल्या पत्र्याच्या पेटीत सात-बाराच्या जोडीला सरकारी पत्रांची एक घडी असेलच. आज ती काढा आणि एखादे पत्र मोठ्याने वाचून बघा. ‘आपणास कळविण्यात येते की’, ‘प्रस्ताव परत करण्यात येत आहे’, ‘नोंद घेण्यात यावी’. कळवतो कोण, परत करतो कोण आणि नोंद घ्यायची कोणी, हे काही त्यात सापडायचे नाही.

अशी पत्रे मी नोकरीत शेकड्यांनी लिहिली. त्यातल्या एका पत्राची गोष्ट आज तुम्हाला सांगतो. कार्यालय कोणते, याला महत्त्व नाही. सही माझी होती.

काही वर्षांपूर्वी, अर्ज अजून कागदावर घेतले जात तेव्हा, रेणा नदीच्या अंगाच्या एका गावातून एका वयस्कर काकांनी ठिबकच्या अनुदानासाठी अर्ज केला. अडीच एकर रान आणि भावाभावांत सामायिक विहीर. कागदांत भावाचे संमतीपत्र नव्हते. मी पत्र धाडले, ‘प्रस्तावात त्रुटी आढळून आल्याने पंधरा दिवसांत त्रुटींची पूर्तता करण्यात यावी, अन्यथा प्रस्ताव रद्द समजण्यात येईल.’ नेहमीचाच मसुदा. मला त्यात काही वावगे दिसले नाही.

दोन महिन्यांनी रेणापूरच्या बाजारात काका भेटले.

“साहेब, आमच्या ठिबकाचं कुठवर आलं?”

“काका, तुम्ही कागदच दिला नाही. प्रस्ताव रद्द झाला की.”

“मला कुठं द्या म्हनलं? नातीनं पत्र वाचून दावलं. पूर्तता करण्यात यावी, असं व्हतं त्यात. मला वाटलं, हापिसात कुनाला तरी करायला सांगितलंय. मी आपली वाट बघायलोय.”

दुसऱ्या दिवशी मी स्थळप्रत काढून वाचली. काकांचे काही चुकले नव्हते. त्या पत्रात ‘तुम्ही’ हा शब्द नव्हता. ‘संमतीपत्र’ हा शब्दही नव्हता. त्या उन्हाळ्यात काकांनी टोमॅटोला मोकळे पाणी दिले, चैत्रातच विहिरीने तळ गाठला आणि अर्धे रान वाळून गेले. माझ्या एका वाक्याची ती किंमत होती.

ही भाषा मी शिकलो कुठे? परभणीला बी.एस्सी. कृषी करताना. प्रयोगवही इंग्रजीत लिहावी लागे, आणि ‘मी बियाण्याला थायरम चोळले’ असे लिहिले की लाल रेघ बसे. ‘बियाण्यास किलोला तीन ग्रॅम थायरम चोळण्यात आले’ अशा थाटाचे इंग्रजी वाक्य हवे असे. तिथे ते रास्तच होते. बी कोणीही चोळले तरी उगवण तेवढीच आली पाहिजे, म्हणून माणूस बाजूला ठेवायचा. प्रयोगवहीतली ही सवय मी नोकरीत आणली, आणि इथे मात्र माणूसच महत्त्वाचा होता.

कचेरीतही तिला पोषक हवाच मिळाली. आपल्या मराठवाड्यात १९४८ पर्यंत निजामी राजवटीचा कारभार उर्दूत चाले. १९५६ साली आपण मुंबई राज्यात आलो, १९६० साली महाराष्ट्र झाला, भाषा संचालनालय स्थापन झाले आणि १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने मराठीला कारभारात हक्काची जागा दिली. मोठे काम झाले. पण इंग्रजी मसुद्यांचे साचे मराठीतही उतरले. शब्द आपले झाले, वाक्याची ठेवण मात्र साहेबाचीच राहिली. मुलांच्या व्याकरणाच्या पुस्तकात ‘नवीन कर्मणी प्रयोग’ असतो. ‘शिपायाकडून चोर पकडला गेला’ ही इंग्रजी वळणाची रचना. त्यात निदान ‘शिपायाकडून’ तरी असते. आम्ही तेही गाळून टाकले!

कर्ता नसलेले वाक्य वाईटच असते, असे मी म्हणत नाही. ‘बैल चोरीला गेला’ असे आपण म्हणतो, कारण चोर माहीत नसतो. ‘पंधरा ऑगस्टला ध्वजवंदन करण्यात येईल’ यात कोणाचे काही अडत नाही. पण जिथे कोणी काही करायचे आहे, किंवा कोणी काही चुकले आहे, तिथे कर्ता लपला की सामान्य माणूस अडतो. मोठेही याच आडोशाला उभे राहतात. अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनी जानेवारी १९८७ मध्ये इराणला शस्त्रे दिल्याच्या प्रकरणावर बोलताना गंभीर चुका झाल्या, असे सांगितले. कोणी केल्या, ते त्या वाक्यात नव्हते.

आता अर्ज ऑनलाइन झाले, निरोप मोबाइलवर येतो. भाषा मात्र बरीचशी तीच आहे. म्हणून निरोप आला की चार गोष्टी विचारा. हे कोणी करायचे? नेमके काय करायचे? कोणत्या तारखेपर्यंत? आणि नाही म्हटले तर का, व दाद कोणाकडे मागायची? हे विचारणे उद्धटपणा नव्हे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यात माहिती नाकारली तर कारण, अपिलाची मुदत आणि अपील अधिकारी कळवावेच लागतात. २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमात अधिसूचित सेवेसाठी मुदत, पदनिर्देशित अधिकारी आणि अपील अधिकारी ठरलेले असतात. कायदाच कर्ता मागतो, तर आपण का लाजावे?

तुमचा अर्जही सरळ लिहा. ‘विनंती करण्यात येते’ कशाला? ‘मी विनंती करतो’, ‘मी विनंती करते’ लिहा. ‘पिकाचे नुकसान झाले आहे’ एवढ्यावर न थांबता कोणत्या गटातले, कोणते पीक, कोणत्या तारखेच्या पावसाने, ते लिहा.

राहिली काकांची गोष्ट. मी त्यांना पत्र लिहायला बसलो आणि कागदावर उतरले, ‘झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगिरी व्यक्त करण्यात येते.’ माझी मलाच लाज वाटली. कागद फाडला आणि त्यांच्या ओसरीवर जाऊन बसलो. म्हणालो, “काका, ते पत्र मी लिहिले आणि चुकीचे लिहिले. नवा अर्ज आपण दोघे आत्ताच भरू.” त्यांनी नातीला चहा ठेवायला सांगितले आणि भावाला हाक मारली. संमतीपत्रावर सही व्हायला दहा मिनिटेही लागली नाहीत. पुढच्या हंगामात रानात नळ्या पसरल्या.

तेव्हापासून माझ्या पत्रांत ‘मी’ आणि ‘तुम्ही’ असतात. तुमच्या हातातल्या पत्रात ते नसतील, तर मुदत संपायची वाट बघू नका. पत्र घेऊन सरळ कचेरीत या आणि विचारा, “साहेब, हे कोणी करायचं?”